अकरा वर्षं बंद असलेली पद्मिनी: सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ
वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी गाडी सांगलीला पडवीत अकरा वर्षं उभी आहे. वडील गेले, त्यानंतर कुणी किल्लीच लावली नाही. परवा ताडपत्री काढली. चारही टायर बसलेत, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तर भोक पडलं. पण स्टिअरिंगवरचा गिअर अजून नीट पडतोय. विकायची नाही, रविवारी रविवारी स्वतःच्या हातानं करायची आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी लावा, पेट्रोल टाका, होईल चालू. करू का तसं?

जुना फिटर
नका करू, हात जोडतो. बत्तीस वर्षं मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात याच १०८९ सीसी इंजिनावर काढलीत. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इतकी वर्षं बंद राहिलं की बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, तेल उतरून जातं, पिस्टनच्या रिंगा गंजून धरतात. तशात स्टार्टर मारला की रिंग तुटणार, बोअरला ओरखडा पडणार. चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन चमचे, इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं. दोन दिवस हात लावू नका. मग हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एक चाक जॅकवर घ्या, टॉप गिअर टाका आणि ते चाक हातानं हळू फिरवा. अडलं तर जोर नको, आणखी दोन दिवस थांबा. फिरलं की प्लगच्या भोकावर अंगठा धरा. हवेनं अंगठा उडाला पाहिजे.

घाटवाट
काका सांगतात तसंच करा. जोडीला टाकी उतरवून धुवा, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) आणि सगळे होजपाइप नवे घाला. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. इंजिनाच्या आधी ब्रेक बघा, व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) जाम असणारच. आणि पत्र्याच्या त्या भोकावर लांबी (पुट्टी) भरू नका, कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा. व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांची लागते, त्यामुळे सध्या दर पाच वर्षांनी आरटीओचं पासिंग आहेच.

कृष्णाकाठ
काका, फिरलं! आधी चाकच हलेना, ब्रेकचा ड्रम धरला होता. दुसऱ्या बाजूचं उचललं. तिसऱ्या दिवशी इंजिनाचा फॅन हलला तेव्हा आई पडवीत येऊन उभी राहिली. तीन भोकांवर अंगठा उडतोय, तिसऱ्या सिलिंडरला काहीच नाही. रिंग गेली का?

जुना फिटर
रिंग नसावी. तेल आत असूनही दाब नाही, म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) उघडा अडकलाय. इंजिनाचं हेड उतरवायची घाई नको. वरचं झाकण काढा, चाक फिरवत तिसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह वर येतात का बघा. जो येत नाही त्याच्या दांड्यावर डिझेल सोडा, लाकडी हातोडीनं हलके टिचवा. फोटो टाका.