कान कुणाचे खराब? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सेक्रेटरी, ए १०१: कालच्या कराओकेचे व्हिडिओ टाकलेत. कोण काय चुकलं याची यादी कृपया इथे करू नये.

काका, बी २०३: यादी नको, पण 'बात बन जाए'चं 'बाप बन जाए' अख्ख्या बिल्डिंगने ऐकलंय 😄

बी ४०४: काका, ते १९८० पासून चालू आहे. 'कुर्बानी' आला, नाझिया हसनचं गाणं गाजलं, तेव्हापासून त्या ओळीवर हाच विनोद.

काका, बी २०३: गाणारे नीट उच्चार करत नाहीत, दुसरं काय. हल्ली तर शब्द वाजतायत की ढोल तेच कळत नाही.

ताई, सी ५०२: काका, मी दिवसभर लोकांचे कानच तपासते, म्हणून मध्ये पडते. 'बात'मधल्या 'त'ला जीभ दाताला लागते. पण लगेच पुढे 'बन'चा 'ब' आहे, त्याला ओठ मिटावे लागतात. भरभर म्हणताना ओठ आधीच मिटतात आणि 'त' त्यात बुडतो. ओठ मिटून संपलेला शब्द आपल्याला 'प'वर संपल्यासारखा वाटतो. भरभर म्हणून बघा.

ए ३०२: म्हणतोय. घरचे विचारतायत, बरं आहे ना?

आजोबा, डी ६०१: आरती तर संथ लयीत म्हणतात. तरी 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतंच. आणि 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे'. याला कुठला ओठ जबाबदार?

ताई, सी ५०२: आजोबा, हे खरं मजेशीर. इथे ओठांचा संबंध नाही. गाण्यात कानाला शब्द अर्धामुर्धाच मिळतो, उरलेला मेंदू स्वतःच्या साठ्यातून भरतो. 'फणिवर' रोजच्या बोलण्यात कोण वापरतं? फळी मात्र घरोघरी आहे. 'वंदना' आलं पुढच्या 'सुरवरवंदना'तून, यमक आधीच कानात बसलेलं असतं. आणि गणपतीचं नाव काढलं की 'संकष्टी' आपोआप तोंडात, मग 'संकटी'ला जागा कुठली? चूक जवळजवळ नेहमी अनोळखी शब्दाकडून ओळखीच्या शब्दाकडे जाते. अर्थ लागला नाही तरी चालतं, शब्द ओळखीचा हवा.

आजोबा, डी ६०१: फळीवर कसली वंदना, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही हे खरं.

डी १०३: म्हणजे मेंदू थापा मारतो?

ताई, सी ५०२: थापा कसल्या, डागडुजी. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एक प्रयोग छापला. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापला आणि तिथे खोकला टाकला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कुठे होता तेही त्यांना धड सांगता आलं नाही. काकांचा ढोल गाण्यात तेच करतो. फरक एवढाच की तिथे मेंदूने बरोबर अक्षर भरलं, कारण वाक्याचा अर्थ मदतीला होता. गाण्यात अर्थच तिरपागडा असतो.

काका, बी २०३: जुन्या गाण्यांत मात्र शब्द स्वच्छ. हे मान्य करा.

ताई, सी ५०२: काही गायकांचे, हो. सगळ्यांचे नाही. सूर धरला जातो स्वरावर. स्वर लांबतो, व्यंजन मात्र क्षणात येऊन जातं. त्यातून गाणारी खूप वरच्या पट्टीत गेली की स्वरसुद्धा ओळखू येत नाहीत, 'ई' म्हणा की 'ऊ', कानाला जवळपास 'आ'च. कितीही स्पष्ट गायलं तरी तिथे इलाज नाही.

आजोबा, डी ६०१: आणि जुनी गाणी आपण रेडिओच्या खरखरीत ऐकली. तेव्हा कॅसेटच्या आत शब्द छापलेले मिळाले तर नशीब.

डी ४०१: ताई, विषय थोडा वेगळा. सासूबाई टीव्ही इतका मोठा लावतात की भिंती हलतात, तरी म्हणतात शब्द कळत नाहीत. गाण्यांचे तर काहीच्या काही शब्द ऐकतात.

ताई, सी ५०२: विषय तोच आहे. वय वाढतं तसं आधी वरच्या वारंवारतेचं, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांचं, ऐकणं कमी होतं. स, श, फ, थ हे सगळे तिथले. आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच धूसर राहतात. 'ऐकू येतं, पण कळत नाही' असं त्या म्हणत असतील तर हट्टीपणा समजू नका, ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याचा आलेख, काढून घ्या. तोवर ओरडून बोलू नका. समोर बसून, उजेडात, ओठ दिसतील असं बोला.

डी ४०१: ओठांनी एवढा फरक पडतो?

ताई, सी ५०२: भरपूर. १९७६ मध्ये मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं. आवाज 'बा'चा, चित्रात ओठ 'गा'चे, आणि बऱ्याच लोकांना ऐकू आलं 'डा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'.

सेक्रेटरी, ए १०१: चांगला विषय निघाला. पुढच्या वेळी खेळच घेऊ. गाण्याची ओळ वाजवायची, ज्याला जे ऐकू आलं ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं.

ताई, सी ५०२: छान. एकच अट, खरे शब्द आधी कोणी सांगायचे नाहीत. एकदा वाचले की तेच ऐकू येतात. गाणी उलटी वाजवून त्यात 'छुपे संदेश' शोधायचं वेड होतं ना? व्होकी आणि रीड यांनी १९८५ मध्ये तपासलं: काय ऐकायचं ते आधी सांगितलं की लोकांना ऐकू येतं, नाहीतर नुसती बडबड.

सेक्रेटरी, ए १०१: ठरलं. आत्ता एक नमुना टाकतो. सगळ्यांनी ऐका, शब्द मला वैयक्तिक पाठवा. इथे लिहू नका.

🎵 _ऑडिओ, ०:०९_

काका, बी २०३: सोपं आहे, हे घ्या संपूर्ण गाणं, शब्दांसकट 👇

ताई, सी ५०२: काका डिलीट करा!!

ए ३०२: उशीर झाला. २३ जणांनी वाचलं.

सेक्रेटरी, ए १०१: दुसरं गाणं टाकतो. काका, तुम्ही जरा फोन चार्जिंगला लावा.