मदत हवी आहे: लघवी दीड लिटर, तरी किडनी फेल कशी?

नमस्कार. जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग. किडनी फेल्युअर म्हणजे 24 तासांत 400 मिलीच्या आत लघवी, असं पाठ केलं होतं. काल इनटेक-आउटपुट चार्ट भरताना गोंधळले. एक काका, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) 7.8, म्हणजे खूप वाढलेलं, आणि युरिन 1500 मिली! मोजपात्र डोळ्यांसमोर धरून दोनदा पाहिलं. रंग जवळजवळ पाण्यासारखा. मॅडम म्हणाल्या, "परीक्षेला येत नाही ते." लघवी होतेय तर डायलिसिसचं का बोलतायत?

आणि नातेवाइकांनी आणलेलं शहाळं सिस्टरनी परत पाठवलं. साखरेमुळे का?

प्रतिसाद (डायलिसिस युनिटमधली ताई)

अगं, तू लघवी मोजलीस, गाळणं नाही. 400 मिली हे बहुतेक अचानक बिघडलेल्या किडनीच्या धड्यातलं, तिथेही दर वेळी खरं नसतं.

हिशेब कर. धडधाकट किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर गाळतात आणि त्यातलं 178 च्या वर परत शोषतात. काकांचा जीएफआर (किडन्यांचा गाळण्याचा वेग) मिनिटाला 10 मिली धर, म्हणजे दिवसाला 14.4 लिटर. त्यातले 13 परत घेतले तरी जवळपास दीड लिटर बाहेर पडणारच. पण कचरा गाळलाच गेला नाही, तो रक्तात साठला. उरलेल्या नेफ्रॉन्सना (किडनीतल्या बारीक गाळण्यांना) लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून रंग फिका. रात्री लघवीला किती वेळा उठतात, विचार त्यांना.

क्रिएटिनिनही फसवं. 0.8 चं 1.6 होऊन तिथेच टिकलं, तर रिपोर्टवर "जरासं वाढलंय" वाटतं, पण निम्मं गाळणं गेलेलं असतं.

शहाळ्यात खरी भीती पोटॅशियमची. ते वाढलं की ईसीजीत टी वेव्ह टोकदार होते, ठोके बिघडतात. तेव्हा देतात ते कॅल्शियम ग्लुकोनेट पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदय सांभाळतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) इथेच सगळे अडकतात.

आणि सुई कुठल्या हाताला आहे? पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायचा तर त्या हाताच्या शिरा राखाव्या लागतात. बहुधा ज्या हाताने काम करत नाहीत तो.

मूळ धागाकर्ती

विचारलं, ताई. रात्री चार-पाच वेळा उठतात, दोन वर्षं झाली. काकू म्हणाल्या, साखरेमुळे असेल म्हणून कुणाला बोललोच नाही. सुई डाव्या मनगटाजवळ आहे, काका उजवे. इन्चार्ज सिस्टरना सांगू का, की आगाऊपणा वाटेल?

प्रतिसाद

आत्ता सांग. रक्त घ्यायला येतील त्याच्या आधी.