इमॅजिका की वेट अँड जॉय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मुलांना घेऊन थीम पार्कला जायचंय. लेक अकरा वर्षांची, तिला इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसायचंच आहे. धाकटा चार वर्षांचा. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, त्यामुळे त्याचा हिरमोड होईल याची मला फार काळजी वाटते. शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात. खोपोलीला मुक्काम करून एक दिवस इमॅजिकाचं थीम पार्क, दुसऱ्या दिवशी तिथलंच वॉटर पार्क असं करावं, की लोणावळ्याचं वेट अँड जॉय वॉटर पार्क एका दिवसात उरकावं? लहानग्यांना खरी मजा कुठे येते? ज्येष्ठांना सावलीत बसायला जागा कुठे बरी? सुट्टीत रांगा किती लागतात? नुकतं कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.