पत्रिकेतलं एक, हाकेचं दुसरं
'बाळाचं नाव पत्रिकेतल्या अक्षरावरूनच ठेवावं' हे मत काही पटलं नाही बुवा. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मलेल्या बाळाला 'ङ' हे अक्षर येतं, ठेवा आता नाव! जन्मनाव पत्रिकेत राहू दे; आत्याने 'कुर्र' करून कानात सांगायचं ते आईबापांच्या आवडीचं.

मला स्वतःला आरव-विहान-अयांश प्रकार नकोसा वाटतो. सोसायटीत एक हाक मारली की तीन पोरं वळतात. त्यापेक्षा केशव, मुक्ता, यमुना. हाक कशी लांबवता येते, केशवाऽऽ! दगडू-धोंडूही एकवेळ चालतील, दृष्ट लागू नये म्हणून मायेनंच ठेवायचे ती. 'नकुशी', म्हणजे नको असलेली मुलगी, हे नाव मात्र ऐकवत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, ते फार बरं झालं.