फनेलला मराठीत काय म्हणायचं? नरसाळं चालेल का?

मूळ प्रश्न (कुडाळहून)

मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या भागातल्या बचत गटांच्या बायकांना आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, कुळथाचं पीठ ऑनलाइन कसं विकायचं ते शिकवायचं काम माझ्याकडे आलंय, टिपण मराठीत काढायचंय आणि मी पहिल्याच शब्दाला अडलोय. फनेल. जिकडे बघावं तिकडे 'सेल्स फनेल', 'मार्केटिंग फनेल', आणि कुणी विचारलं की म्हणजे काय हो, तर सांगणारा म्हणतो म्हणजे प्रोसेस. हे काय उत्तर झालं? नरसाळं हा शब्द आहे, वस्तू घरोघरी आहे, पण धंद्याच्या अर्थाने तो बसतो का? आणि तो फनेल की ते फनेल?

प्रतिसाद (रत्नागिरी)

नरसाळं नपुंसकलिंगी म्हणून काहीजण 'ते फनेल' लिहितात, पण बोलताना 'फनेल बनवला' असंच जास्त येतं कानावर, तेव्हा तो राहू द्या.

अर्थाचं म्हणाल तर कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट एल्मो लुईस या जाहिरातवाल्याच्या नावावर ती १८९८ पासून सांगितली जाते, आधी लक्ष वेधायचं, मग गोडी लावायची, मग हवंसं वाटायला लावायचं, मग माणूस घेतो. आपल्या भाषेत बघे, चौकशीवाले, भाव विचारणारे, घेणारे. दर टप्प्याला माणसं कमी होत जातात म्हणून वर रुंद खाली अरुंद.

पण इथेच मला नरसाळं खटकतं. नरसाळ्यात लिटरभर ओतलं तर खाली लिटरभरच यायला हवं, कमी आलं तर नरसाळं फुटकं. धंद्यात बहुतेक सगळे मधेच गळतात आणि ते धरूनच चालायचं असतं. त्यापेक्षा चाळण म्हणा ना.

प्रतिसाद (अलिबाग)

चाळणीत काय ठेवायचं काय टाकायचं ते आपण ठरवतो हो, इथे ठरवतं ते गिऱ्हाईक.

आकार म्हणाल तर आमच्याकडची डोल अगदी तशीच. खाडीच्या तोंडाशी, समुद्रात रोवतात ते जाळं, तोंड मोठं आणि मागे निमुळतं होत जाणारं, आसही (जाळ्याची भोकं) मागे बारीक होत जाते, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपसूक आत येते. एक बाब तिच्यात नक्की घेण्यासारखी आहे, डोल मासळीच्या मागे धावत नाही, पाण्याची ओढ कुठून आहे ते बघून रोवावी लागते. जाहिरात पण तशीच, आगळाची जाहिरात उन्हाळ्यात, सोलकढी-सरबताचे दिवस असताना. पण शब्द म्हणून डोल नको. डोलीत शिरलेली मासळी परत फिरत नाही, गिऱ्हाईक कुठूनही फिरतं. आणि घरातली बाई विश्वासाने आपल्याकडून माल घेते तिला मासळी म्हणायचं मला तरी पटत नाही.

पुन्हा मी (कुडाळ)

हे शेवटचं फार पटलं. मग मला वाटतं अडचण फनेल या शब्दाची नाहीच, गळतीला शब्द नाही ही आहे. कारण बायका हिशोब करतात तो फक्त शेवटच्या आकड्याचा, किती बाटल्या गेल्या. समजा १,००० जणांनी व्हिडिओ बघितला, १०० जणांनी मेसेज केला, २० जणांनी पत्ता पाठवला आणि ८ जणांनी पैसे भरले. सगळे म्हणतात अजून जाहिरात करा. पण त्या २० मधले ८ च्या जागी १२ झाले तर विक्री दीडपट होते, जाहिरातीला एक रुपया न घालता. तेच १२ वरून आणायचे तर १,५०० बघे लागतील. आता २० मधले पैसे न भरलेले १२ जण पत्ता देऊन का फिरले? बहुतेक वेळा कुरिअरचा खर्च शेवटी सांगितला म्हणून. २ बाटल्यांना कुरिअर किती ते पहिल्याच मेसेजात लिहायला काय जातंय.

प्रतिसाद (मालवण)

दादा, तुम्ही नरसाळंच ठेवा, मी सांगते का. मालवणीत आम्ही 'नरसाळा' म्हणतो, ता नरसाळा, नपुंसकलिंगच. आणि ज्याने कधी आगळ बाटलीत भरलंय त्याला ठाऊक असतं की ते सरळ खाली जात नाही. नरसाळं बाटलीच्या तोंडाला घट्ट बसलं की आतली हवा बाहेर यायला वाट राहत नाही, आगळ वरच तुंबतं, गुडगुड आवाज करतं आणि मग काठावरून ओट्यावर. तेव्हा आई अजून ओतत नाही, हात थांबवते आणि नरसाळं बोटभर उचलते, किंवा तोंडाशी एक काडी अडकवते. हवा सुटली की धार लागते. तुमचं कुरिअरचं तेच झालं ना, वरून ओतत राहायचं नाही, कुठे तुंबलंय ते बघायचं. माझ्याकडे लोक "खरं आगळ कशावरून" इथे तुंबायचे. लेबलवर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर आहेच, पण आगळ काढायचं काम चालू असतानाचे आमचे फोटो पाठवायला लागले तेव्हा ते विचारणं कमी झालं. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय तेही सांगते, मात्र जीआयचं चिन्ह लेबलवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, हे बायकांना आठवणीने सांगा.

पुन्हा मी (कुडाळ)

ताई, खरंच आभार, हे मी तसंच्या तसं घेतो. टिपणात 'विक्रीचं नरसाळं' लिहितो, जे मधे फिरले ते 'गळती', आणि जिथे जास्त फिरले तो टप्पा 'तुंबा'. पहिल्या दिवशी स्लाइड दाखवायच्याऐवजी कळशीभर आगळ, ५ रिकाम्या बाटल्या आणि नरसाळं घेऊन जातो. परत येणाऱ्या गिऱ्हाईकाला मात्र यात जागा नाही, नरसाळ्यातून खाली गेलेलं परत वर येत नाही. त्याला आपल्याकडे 'बांधलेलं गिऱ्हाईक' म्हणतात, दुसरं काही म्हणत असाल तर सांगा, रविवारपर्यंत टिपण छापायला द्यायचंय.