अलीकडे वाचलेली रहस्यं, अलीकडे भेटलेली नाती : अनुभव धागा

ठाणे

गेले काही महिने मी रहस्यकथा आणि नात्यांवरच्या कादंबऱ्या आलटून पालटून वाचतेय, आणि माझं ठाम मत झालंय की चांगल्या रहस्यकथेत खुनी सापडल्यावर मनात घोळत राहतं ते नातंच. तुम्हाला काय वाटतं? अलीकडे वाचलेल्या एखाद्या कादंबरीबद्दल इथे लिहा. परीक्षण नको, वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. मराठी, इंग्रजी, अनुवादित, काहीही चालेल. विनंती एकच, शेवट फोडू नका.

सुरुवात मी करते. केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी कादंबरी २००५ची, नाओकी पुरस्कार मिळालेली. २०२३चा 'जाने जान' हा हिंदी सिनेमा हिच्यावरूनच घेतलाय, फक्त टोकियोचं कालिम्पाँग केलंय. यासुको ही जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी, एका मुलीची आई. पैसे उकळायला दारात येऊन उभा राहणारा तिचा माजी नवरा अगदी सुरुवातीलाच मारला जातो, आणि तो कोणी मारला हे आपल्याला तेव्हाच कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी त्या मायलेकींना वाचवायचं ठरवतो. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे त्याची योजना आणि ती उलगडू पाहणारा त्याचाच जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा.

योजना थक्क करणारी आहे. पण मला त्या इशिगामीचा राग यायला लागला. तो रोज संध्याकाळी सार्वजनिक फोनवरून यासुकोला फोन करतो, काय बोलायचं, कसं वागायचं ते सांगतो. मध्येच तिच्या ओळखीचा एक सज्जन माणूस तिच्या आयुष्यात येऊ पाहतो, तर ती आधी इशिगामीला काय वाटेल याचा विचार करते. एका माणसाच्या जाचातून सुटली आणि दुसऱ्याच्या उपकाराखाली दबली! माझ्या मैत्रिणीच्या मते हे प्रेमाचं सर्वोच्च रूप आहे. मला ते पटत नाही. कुणी न मागता एवढा त्याग केला, तर तो ज्याच्यासाठी केला त्याने आयुष्यभर करायचं काय?

कोल्हापूर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर खूप वेळ अडकले. मी लिहितेय डॅफ्ने द्यु मॉरिएच्या 'रेबेका'बद्दल. १९३८ची कादंबरी, मी वाचली या पावसाळ्यात.

आधी हे सांगायला हवं की मी माझ्या यजमानांची दुसरी बायको. पहिल्या ताई आजारपणात गेल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. मेतकूट. भाजणी. सांडगी मिरची. अक्षर सुरेख, किंचित उजवीकडे झुकलेलं. त्या चिठ्ठ्या काढा असं मला कुणी म्हटलं नाही, काढू नका असंही कुणी म्हटलं नाही.

'रेबेका'तली नायिका मॅंडर्ली नावाच्या मोठ्या घरात नवी नवरी म्हणून येते. सकाळी ती पहिल्या बायकोच्या लिहिण्याच्या टेबलाशी बसते, तर तिथल्या कप्प्यांवरही चिठ्ठ्या लावलेल्या असतात, ही पत्रं उत्तर द्यायची, ही जपून ठेवायची, हे घरखर्चाचे कागद, सगळं रेबेकाच्या हस्ताक्षरात. तेवढ्यात घरातला फोन वाजतो, पलीकडून कुणीतरी 'मिसेस द विंटर?' असं विचारतं, आणि ही घाबरून सांगते की मिसेस द विंटर तर वर्षापूर्वीच वारल्या! इथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. एखादी बाई दारावर येऊन "वहिनी आहेत का?" म्हणाली की सुरुवातीला माझंही असंच व्हायचं. वहिनी म्हणजे कोण, हेच कळायचं नाही.

त्या नायिकेला अख्ख्या पुस्तकात नाव नाही, आणि जी मेली तिचं नाव मात्र पानोपानी. हातून फुटलेली चिनी मातीची मूर्ती ती ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात लपवते. घर तिचं, मालकीण ती, आणि तरीही लपवते. तिच्या या भित्रेपणाला हसणारे वाचक मला भेटलेत. मला अजिबात हसू येत नाही. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वावरणं काय असतं, हे लेखिकेने इतकं आतून लिहिलंय की मिसेस डॅन्व्हर्स ही घराची व्यवस्था पाहणारी करडी बाई नसती तरी मी तेवढीच घाबरले असते. ही कादंबरी मत्सराचा अभ्यास आहे असं खुद्द लेखिकेचं म्हणणं होतं. मला ती मत्सराहून एकटेपणाची जास्त वाटली.

पुढे रहस्य आहे आणि ते जबरदस्त आहे. पण ते उलगडल्यावर नायिकेला जो आनंद होतो, त्यावर माझा आक्षेप आहे. नवऱ्याने काय केलं यापेक्षा त्याचं रेबेकावर प्रेम होतं की नव्हतं, हेच तिला महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात गेलेल्या माणसावर प्रेम होतं आणि आहे, आणि त्यासोबत राहता येतं. डब्यांवरच्या काही चिठ्ठ्या मी अजून ठेवल्यात.

नागपूर

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचून मोठा झालो. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या गल्लीत एकेक पुस्तक दहा हातांतून फिरायचं. तेव्हा पुढे काय, एवढंच सुचायचं. या वयात मुलीने अगाथा ख्रिस्तीची 'फाइव्ह लिटल पिग्ज' वाचायला दिली, १९४२ची.

एका चित्रकाराला विष देऊन मारल्याला सोळा वर्षं झालीत. त्याच्या बायकोला शिक्षा झाली, ती तुरुंगातच वारली. आता लग्नाला आलेली त्यांची मुलगी ख्रिस्तीबाईंच्या पॉयरो या गुप्तहेराकडे येते, कारण आईने मरण्यापूर्वी तिच्यासाठी पत्र ठेवलंय की मी निर्दोष आहे. पुरावे कधीच संपलेत. पॉयरो त्या दिवशी तिथे असलेल्या पाच जणांना भेटतो आणि प्रत्येकाकडून त्या दिवसाची हकिगत लिहून घेतो. तोच दिवस, तीच बाग, तोच बिअरचा ग्लास, आणि पाच निरनिराळी माणसं मेलेल्या चित्रकाराची.

आमचे बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या आदल्या रात्री आम्ही भावंडं बोलत बसलो होतो. थोरल्या दादाचे बाबा मारकुटे. धाकटीचे बाबा तिच्या वेण्या घालून देणारे. मधल्याने सांगितलं की बाबा त्याच्याशी कधी धड बोललेच नाहीत. एका ताटात जेवलेली आम्ही, आणि बाबा प्रत्येकाचे वेगळे. कुणीच खोटं बोलत नव्हतं. ख्रिस्तीबाईंच्या या पुस्तकात तेच सूत्र आहे. खोटं बोलणारा एखादाच, बाकीचे आपापल्या जागेवरून जे दिसलं ते सांगताहेत.

बाईंनी पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे विषांची माहिती पक्की. इथलं विष हेमलॉकपासून काढलेलं. पण माझ्या मते त्यांचं खरं ज्ञान नवरा-बायकोचं होतं. १९२६ साली पहिल्या नवऱ्याने घटस्फोट मागितल्यावर त्या स्वतः अकरा दिवस बेपत्ता झाल्या होत्या, हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. असं काही सोसलेल्या बाईलाच या पुस्तकातली पत्नी लिहिता येते. उत्तर कळल्यावर मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. दुसऱ्यांदा पिवळ्या शर्टातल्या त्या तरुणीच्या चित्राशी आलो, तर अंगावर काटा आला. हे पुस्तक दोनदा वाचायचं आहे, नुसतं एकदा वाचून ठेवू नका.

पुणे

काका, आठवणींचं अगदी खरं. मला लगेच सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आठवली, २००६ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेली दोन सख्खी भावंडं, तनय आणि अनुजा. आधी भावाचं मनोगत, मग बहिणीची डायरी. तो दोघांनाही सोडून जातो. त्यालाही नाव नाही, 'रेबेका'तल्या नायिकेसारखंच.

इथे पोलीस नाहीत, प्रेत नाही, पण माझ्यासाठी ही रहस्यकथाच आहे. कारण बहिणीचा भाग वाचताना मी तोच दिवस भावाच्या भागात शोधायला मागे जात होतो, आणि दोन्हींतला तो माणूस जुळतच नव्हता. मी स्वतः समलिंगी आहे. घरी फक्त बहिणीला माहीत आहे. तनय घरात कुणाकडेही धाय मोकलून रडू शकत नाही, त्याच घरात अनुजाच्या दुःखाभोवती मात्र सगळे जमतात. तिचं दुःख कमी नाही, पण त्याला निदान नाव आहे. यावर याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

न्यू जर्सी

एलेना फेरान्ते, 'माय ब्रिलियंट फ्रेंड' आणि पुढचे भाग. चार खंड, २०११ ते २०१४. मी सध्या तिसऱ्यात आहे, म्हणून अर्धवटच लिहिते.

सुरुवात थेट रहस्यकथेची. साठी ओलांडलेली लीला घरातून नाहीशी झालीय. कपडे नाहीत, कागद नाहीत, फोटोंमधून तिने स्वतःला कापून काढलंय. बालमैत्रीण एलेना चिडते आणि हट्टाने सगळं लिहायला बसते. मग नेपल्समधली गरीब वस्ती, तळघरात फेकलेल्या बाहुल्या, शाळा. लीला वर्गात सगळ्यांत हुशार, पण पुढे शिकायचा हट्ट धरला म्हणून बाप तिला खिडकीतून फेकतो आणि तिचा हात मोडतो. एलेना मात्र शिकत जाते.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत माझी एक मैत्रीण होती. गणितात मी तिच्या वहीवर जगले. दहावीनंतर तिचं लग्न झालं, मी इंजिनिअर झाले आणि इथे आले. फेरान्ते वाचताना मला एक गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी उघडपणे म्हणताना दिसली, की पुढे गेलेल्या मैत्रिणीला मागे राहिलेलीची भीती वाटत असते. आपण हुशार नव्हतोच, फक्त आपल्याला जाऊ दिलं, असं ती केव्हाही म्हणेल अशी भीती. माझी मैत्रीण तसं कधी म्हणाली नाही. सध्या ती दर शनिवारी माझ्या मुलाला व्हिडिओ कॉलवर अपूर्णांक शिकवते, आणि मला बाजूला बसू देत नाही.

दादर

फेरान्ते हे टोपणनाव, त्यावरून एवढंच सुचवते. आपल्याकडे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर ही बाई कोण, यावरून केवढा गदारोळ झाला होता. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून लोक लेखिकेला शोधत होते. यंदा पुन्हा वाचलं. नोकरी करणाऱ्या मुलीच्या पगारावर डोळा ठेवून तिचं लग्न लांबवणारं घर आजही माझ्या पाहण्यात आहे.

बंगळुरू

माझा सूर थोडा वेगळा आहे. 'गॉन गर्ल' (२०१२) सगळ्यांनी डोक्यावर घेतलं म्हणून वाचलं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको गायब, एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोच्या डायरीचं. कलाटणी अफाट आहे, एका रात्रीत संपवलं. पण दोघांपैकी कुणावरही माझा जीव जडला नाही, आणि सकाळी मला कुणाची आठवणही आली नाही.

त्याच्या उलट विवेक शानभागांचं 'घाचर घोचर'. मूळ कन्नड, शंभरएक पानांचं, आमच्याच शहरातलं. मुंग्या झालेल्या जुन्या घरातून मसाल्याच्या धंद्यावर श्रीमंत झालेलं कुटुंब. कमावता एकटा धाकटा काका, आणि घर त्याच्याभोवती फिरतं. एका सकाळी दारात एक बाई येते, त्या काकासाठी मसूरची आमटी घेऊन. घरातल्या बायका तिला शिव्या देऊन हाकलतात, काका आतून बाहेरच येत नाही, आणि निवेदक, घरातला तरुण मुलगा, गप्प उभा राहतो. त्याची बायको अनिता तेवढी बोलते.

हे वाचून मी नवऱ्याला विचारलं, "आपल्या घरी असं झालं तर तू काय करशील?" तो लगेच उत्तर देऊ शकला नाही, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. शेवटच्या पानांवर प्रत्यक्षात काय झालं हे लेखक सांगत नाही. मला काय झालं असेल ते कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही. खरा गुन्हा त्या सकाळच्या दारातच घडलाय, असं मी मानते.

तळेगाव

माझं वय जास्त, त्यामुळे मोठ्या अक्षरातलं पुस्तक मिळालं की वाचते. रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०). केंटमधली निवृत्तांची वसाहत, चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जुने खून सोडवायला जमतात. लोक याला हलकंफुलकं म्हणतात. मी मात्र एलिझाबेथमध्ये गुंतले. हेरखात्यात काम केलेली ही बाई घरी नवऱ्याची, स्टीफनची, ढासळत चाललेली स्मृती सगळ्यांपासून झाकून ठेवते. स्वतःची तपासायला ती डायरीत दोन आठवडे पुढच्या तारखेला एक प्रश्न लिहून ठेवते, अमक्या बाईच्या नव्या गाडीचा नंबर काय, असा काहीतरी. त्या दिवशी उत्तर आठवलं की हायसं.

आमच्याकडेही हेच चाललंय. ह्यांना मुलांची नावं आठवतात, सकाळचा चहा आठवत नाही. पुस्तकात बोगदान नावाचा बांधकामावरचा तरुण स्टीफनशी बुद्धिबळ खेळायला येतो. स्टीफन खेळ विसरलेला नाही. ते वाचून मी आमच्या वसाहतीतल्या वॉचमनच्या मुलाला कॅरम खेळायला बोलावलं. हे अजून राणी घेतात आणि कव्हरही देतात! खून कुणी केला ते मला आता नीट सांगता यायचं नाही, पण तो बुद्धिबळाचा पट पूर्ण आठवतो.

ठाणे

आजी, तुमच्या कॅरमबद्दल अजून लिहा, खेळ कसा रंगतो ते वाचायचंय. पुण्याचा दादा, इतक्या मोकळेपणाने लिहिलंस, खूप बरं वाटलं.

दोघा-तिघांनी हिगाशिनोचं पुढचं काय वाचू असं विचारलंय. 'मॅलिस' घ्या, १९९६ची. कॅनडाला जायच्या आदल्या रात्री एका लेखकाचा खून होतो. खुनी कोण ते बरंच लवकर कळतं, तो कबूलही करतो. तपास करणारा कागा पूर्वी शिक्षक होता, आणि त्याचा सगळा शोध 'का' याचा आहे. यात खुनी आणि मेलेला बालमित्र आहेत, त्यामुळे फेरान्ते वाचणाऱ्या ताईंनी तर नक्कीच वाचावं. मी वाचून झाल्यावर दोन दिवस माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप उघडला नव्हता.