मदत हवी आहे: अलंग-मदन-कुलंगसाठी ताटल्या-चमचे कोणते न्यावेत?

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघे अलंग-मदन-कुलंग या तीन गडांचा ट्रेक करतोय, मुक्काम गडावरच. दोर लावून चढायचे टप्पे आहेत, त्यामुळे पाठीवरचं ओझं शक्य तितकं कमी हवंय. अडलंय जेवणाच्या भांड्यांवर.

रात्री मुगाची खिचडी, सकाळी मॅगी आणि चहा. पिठलं-भाकरीला चमचा लागत नाही, पण वाफाळती खिचडी हाताने खाववत नाही. स्टीलची खोलगट ताटली दणकट, राखेने घासली तरी लख्ख निघते, पण जड. ॲल्युमिनियमचा मग हलका, पण त्यात उकळता चहा ओतला की कडेला ओठ टेकवत नाहीत. प्लास्टिकचा स्पोर्क (चमचा आणि काटा एकातच) दांड्यापाशी मोडताना पाहिलाय, त्यामुळे तो नकोच. टायटॅनियमची किंमत बघून हात आखडतो.

टाक्यातलं पाणी जपून वापरायचं, म्हणून घासायला सोपं तेच बरं. कागदी डिश अजिबात नको, गडावर कचरा होता कामा नये.

माणशी एक मोठा स्टीलचा मग आणि लांब दांड्याचा चमचा, एवढ्यावर भागेल का? की वाडगा वेगळा हवाच? आणि टायटॅनियम वापरणाऱ्यांनी सांगा, पैसे वसूल होतात का?